सुईचे दात

माणसाला कुत्रं-मांजर चावलं की आधी तो घाबरतो, मग तो आमच्या दवाखान्यात येतो आणि तिथं त्याला मी भेटते. यात जास्त त्रास कशाचा होतो असं गावाला विचारलं, तर गाव माझंच नाव घेईल.

मी प्रियदर्शनी सोनवणे. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सतरा वर्षं सिस्टर आहे. इंजेक्शनची खोली माझ्याकडे, लसीचा फ्रिज माझ्याकडे, रजिस्टर माझ्याकडे. चावून घेऊन आलेल्या माणसाला दोन शब्द सुनवायचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, ते मी आपणहून घेतलं होतं. "झोपलेल्या कुत्र्यावर पाय द्यायला डोळे कुठं गेलते?" "पिल्लाच्या तोंडात बोट घालता, ते काय थर्मामीटर हाय?" माणूस खाली मान घालून दंड पुढं करायचा. मला वाटायचं, लोक माझं ऐकतात. खरं तर ते सुई कधी निघते याची वाट बघत असायचे.

घरी मात्र ऐकायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी चैताली जूनमध्ये लातूरला कॉलेजला गेली. माझे मिस्टर, सोमनाथ, एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी असली की दोन-दोन दिवस घरी नसतात, आणि असले तरी बोलायचा सगळा कोटा गाडीतच संपवून येतात. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये मी, टीव्ही आणि भिंतीवरची पाल, एवढाच संसार.

अशात सप्टेंबरमध्ये औषधांच्या खोलीत, सलाइनच्या एका रिकाम्या खोक्यात, मला मांजराचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं. राखाडी पाठ, पांढरं पोट, आणि आवाज मात्र खोलीभर. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या केशरबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, येईल तिची आई."

"आई असती तर अशी टाकून गेली असती का?" मी म्हणाले. हे मी ज्या सुरात म्हणाले, त्या सुरापुढं केशरबाई कधी बोलत नाहीत. पिल्लू ओढणीत गुंडाळून मी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महिन्याचा रिपोर्ट भरत बसले होते तेव्हा केशरबाई आल्या आणि "मॅडम, ते काल मांजर..." असं काहीतरी सुरू केलं. मी मान वर न करता म्हणाले, "केशरबाई, डोकं नका खाऊ." त्या गेल्या.

पिल्लू जगलं. ड्रॉपरनं पाजून, गरम पाण्याच्या बाटलीशेजारी झोपवून मी ते जगवलं, आणि याचा मला फार अभिमान होता. तिसऱ्या दिवशी मिस्टर आले, तर पिल्लू थेट त्यांच्या पँटवरून गुडघ्यापर्यंत चढलं. "अगं आई गं," ते म्हणाले, "ही तर सुई हाय. तुझ्याच खात्यातली." तेच नाव पडलं.

सुईशी खेळायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चादरीखालून बोटं हलवायची. ती टपून बसायची, मागचा भाग डोलवायची आणि झेप घ्यायची. चारी पायांनी माझा हात धरायची, मागच्या पायांनी लाथा झाडायची, दातांनी बोटं कुरतडायची. दात तेव्हा तांदळाच्या कणीएवढे. गुदगुल्या व्हायच्या. चैतालीचा व्हिडिओ कॉल आला की मी मुद्दाम हा खेळ लावायची. "बघ, बघ! वाघीण हाय नुसती!" चैताली हसायची, मैत्रिणींना बोलावून दाखवायची. लेकीचा फोन त्यामुळं पाच मिनिटांचा पंधरा मिनिटं चालायचा. हेही लिहिलं पाहिजे, कारण तो खेळ मी नुसता मांजरीसाठी खेळत नव्हते.

डिसेंबर आला आणि कणीच्या जागी खरोखरच्या सुया आल्या.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे ती रागानं चावत नव्हती. संध्याकाळी मी खुर्चीत बसले की ती मांडीवर यायची, पुढच्या पायांनी कणीक तिंबावी तशी माझं पोट तिंबायची, घुरघुर सुरू करायची. मग खरखरीत जिभेनं माझं मनगट चाटायची, एकदा, दोनदा, चारदा. मला भरून यायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायची. आणि मी पूर्ण विरघळले की ती तिथंच दात रोवायची. रोवून धरून ठेवायची. घुरघुर चालूच. रागावलेला माणूस काही गुणगुणत चावत नाही, म्हणून मला या प्रकाराला काय म्हणावं तेच कळेना. मी किंचाळून हात ओढायची, ती आणखी घट्ट धरायची, आणि हातावर लांब लाल रेघ उठायची.

मी ते मनाला लावून घेतलं. हिला मी मरणाच्या दारातून आणलं आणि ही मला चावते! ड्युटीवर असतानासुद्धा हेच डोक्यात.

मग मी उपचार सुरू केले. पहिला उपचार आवाजाचा. वॉर्डात वापरते तो आवाज काढून मी "न्हाई!" म्हणाले. या आवाजानं मागं एकदा एक दारू प्यायलेला पैलवान कॉटवर सरळ झोपला होता. सुईनं कान फक्त माझ्याकडं वळवले आणि पुन्हा चावली. दुसरा उपचार, नाकावर बोटानं टिचकी. तिनं ते बोटच धरलं. तिसरा, पाण्याचा फवारा. ही युक्ती मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं. मी फवारा मारला आणि ती कॉटखाली गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेरच आली नाही. मी फरशीवर आडवी पडून, उकडलेल्या चिकनचा तुकडा हातात धरून, "ये गं माझी राणी" करत होते, तेवढ्यात मिस्टर ड्युटीवरून आले. दारातच थांबून त्यांनी विचारलं, "काय हरवलंय?"

चौथा उपचार माझ्या स्वतःच्या डोक्यातला. हातांना हिरवी मिरची चोळली. चावेल तर कळेल तिला! सुईनं लांबूनच वास घेतला, शिंकली आणि निघून गेली. मी विजयाच्या आनंदात डोळा चोळला. पुढचा तासभर मी नळाखाली होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, डोळ्यात चिलट गेलं.

आणि या सगळ्यात मिस्टरांना ती एकदाही चावली नाही. ते आरामखुर्चीत पेपर वाचत बसायचे. ती जाऊन त्यांच्या पायाशी झोपायची. कधी मांडीवर चढली तर ते एक हात तिच्यावर ठेवायचे, तोही नीट न बघता, आणि पान उलटायला काढून घ्यायचे. एवढंच. ज्या माणसाला तिचं जेवण कुठल्या डब्यात असतं तेही माहीत नाही, त्याच्यापाशी ही गाय, आणि माझ्यापाशी वाघीण. मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचा हेवा वाटायला लागला, तोही मांजरीवरून.

मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. थंडी होतीच, कुणाला शंका आली नाही. हाताला रक्त आलं की साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं हे मी करायची, पण पुढचं करायची नाही. लोकांना मी सांगते की पाळीव असो, पिल्लू असो, दात लागून रक्त आलं की दवाखाना. स्वतःसाठी मात्र मी एक वेगळाच नियम काढला होता: हा चावा नाही, ओरखडा आहे. रोज नवा ओरखडा.

याच दिवसांत ज्ञानोबाकाका आले. यांची गावात पिठाची गिरणी. वय पासष्टच्या पुढं, भुवयांवर कायम पीठ, बोलणं मोजकं. गिरणीत उंदीर नको म्हणून मांजरं पाळलेली. दोन बोक्यांची भांडणं सोडवताना एकानं त्यांचा तळहात फोडला होता. ओपीडीत वीसेक माणसं असतील. मी लसीची बाटली हलवत मोठ्यानं म्हणाले, "काका, मांजराशी खेळायचं वय हाय का हे?" लोक हसले. काका पण हसले. "न्हाई शिष्टरबाई, चुकलं," म्हणाले. माझ्या बाहीखाली तेव्हा ताज्या चार खुणा होत्या, आणि बाही मनगटापर्यंत ओढून मी त्यांना टोचलं.

तीनच दिवसांनी माझं भांडं फुटलं. आदल्या संध्याकाळी सुईनं अंगठ्याच्या मुळाशी असे काही दात रोवले होते की सकाळीही जागा ठणकत होती. बेसिनवर मी हात धूत होते, बाही वर सरकली, आणि शेजारी फडकं पिळणाऱ्या केशरबाईंनी बघितलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ ओरडल्या, "ओ डॉक्टर मॅडम! जरा शिष्टरला बघा, हाताची चाळणी झालीय!"

आमच्या डॉक्टर रोहिणी मॅडम सत्तावीस वर्षांच्या. माझ्या नोकरीला सुरुवात झाली तेव्हा त्या चौथीत असतील. त्यांनी माझा हात धरून उजेडात नेला.

"सिस्टर, हे काय आहे?"

"मांजर हाय मॅडम, घरचंच. लहान पिल्लू हाय. लाडानं करतंय."

"लस दिलीय त्याला?"

"आता देणारच होते."

"हेच पेशंट म्हणाला तर तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणते ते पूर्ण दवाखान्याला पाठ होतं.

"केसपेपर काढून या," त्या म्हणाल्या. "मीच देते इंजेक्शन."

रजिस्टर माझ्याच हातचं. प्राणी: मांजर. पाळीव. कसे चावले, या शेवटच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच लिहीत आले होते, 'खोडी काढली'. तिथं पेन बराच वेळ थांबलं. शेवटी मी 'खेळताना' असं लिहिलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. बाकावर ज्ञानोबाकाका होते. त्यांचा दुसरा डोस होता. त्यांनी माझ्या हातातला केसपेपर बघितला, हात बघितला, आणि सरकून जागा दिली.

"मांजर का?"

"हां."

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "या वयात?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यात पाणीही आलं. काय झालं कुणास ठाऊक, मी त्या बाकावर त्यांना सगळं सांगून टाकलं. चाटते, मग चावते. फवारा, मिरची, सगळं. मिरचीपाशी त्यांनी मान दुसरीकडं वळवली, खांदे हलत होते. मग म्हणाले, "उद्या दळण घेऊन या सांजच्याला. इथं मी सांगायचो आन तुमी ओरडायच्या."

घरात पीठ भरपूर होतं. तरी मी ज्वारीचा डबा घेऊन गेले.

गिरणीत काकांनी पट्टा थांबवला. एकदम शांत झालं. पोत्यांच्या थप्पीमागं त्यांची एक तांबडी मांजरी पसरली होती आणि तिची चार पिल्लं तिच्याच अंगावरून उड्या मारत होती. काकांनी मला उपड्या डब्यावर बसवलं.

"किती दिवसाची उचलली तुमची?"

"डोळे उघडले होते. महिन्याची आसंल."

"एकटी?"

"एकटीच."

"म्हंजी आई न्हाई, भावंडं न्हाईत. मग तिला चावायचं कुणी शिकवलं?"

"चावायला काय शिकवावं लागतंय का काका?"

"चावणं पोटातनंच येतं. किती चावायचं, ते शिकावं लागतं. हितं बघा."

मी बघितलं. एका तांबड्यानं काळ्याचा कान धरला. काळं चीं करून ओरडलं, अंग सोडवून घेतलं आणि पोत्यावर जाऊन पाठमोरं बसलं. तांबडं एकटं उरलं. इकडं तिकडं बघितलं, थोडा वेळ स्वतःची शेपटी धरली, मग हळूच जाऊन काळ्याच्या मानेला तोंड लावलं. या वेळी जपून. पुन्हा खेळ सुरू झाला.

"दिसलं का? जोरात चावलं की खेळ बंद. मारामारी न्हाई, आरडाओरडा न्हाई. खेळ बंद. दिवसातनं पन्नास वेळा हेच. आता सांगा, तुमची चावली की तुमी काय करता?"

"हात ओढून घेते."

"उंदीर पण तेच करतो."

मी बाही खाली ओढली.

"मग?"

"मग रागावते. बोट दाखवते."

"म्हंजी हात अजून हालवता. तिला वाटतं, आता आला खेळ रंगात." त्यांनी टोपी काढून पीठ झटकलं. "आन हातासंगट खेळायला कुणी लावलं तिला?"

मी ज्वारीच्या डब्यात बघत म्हणाले, "आमच्या चैतालीनं."

"लातूरला असती न्हवं ती?"

एवढं बोलून काकांनी विषय सोडला, हा त्यांचा चांगुलपणा. मग त्यांनी सावकाश सांगितलं. हात हे खेळणं नाही, हे तिला कळायला पाहिजे, तर आधी ते तुम्हाला कळायला पाहिजे. काठीला चिंधी बांधा, ती पळवा. दात लागले की हात जागच्या जागी मेल्यासारखा सोडा, ओढू नका. तिनं सोडला की उठून निघून जा. आणि ते चाटून चावणं? "तिची शेपूट बघता का कधी? चावायच्या आधी शेपटीचा शेंडा हालतो, कान मागं जातात, कातडी थरथरती. ती सांगती की, बास आता. तुमी कुरवाळतच बसता. तुमचे मिस्टर बरे, दोनदा हात फिरवला की पेपरात गेले." मिस्टरांबद्दल मी बाकावर बोलून गेले होते. ते असे एका वाक्यात शहाणे ठरलेले मला फारसं आवडलं नाही.

"आईनं टाकलेलं पिल्लू होतं काका," मी म्हणाले. कुणावर तरी दोष जावा म्हणून. "तिनं तरी काय शिकवलं आसतं?"

"टाकलं कशावरनं?"

"एकटंच होतं खोक्यात."

"मांजरी पिल्लं हालवती तवा एकेक करून नेती. तोंड एकच आसतं तिला. शेवटचं घ्यायला येऊस्तोवर..." ते थांबले. माझ्याकडं न बघता उठले आणि पट्टा चढवला. गिरणी सुरू झाली. त्या आवाजात बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी केशरबाईंना बाजूला घेतलं. "ते मांजर सापडलं तवा तुमी मला काय सांगायला आलता?"

"आता तीन महिने झाले की मॅडम त्याला."

"तरी सांगा."

"मांजरी आलती, त्याच सांजंला. औषधाच्या खोलीभोवती वरडत फिरत होती, पुढं तीन दिस. पहिल्याच सकाळी म्हणलं मॅडमच्या कानावर घालावं." त्यांनी फडकं पिळलं. "तुमी कामात होतात."

कामात होते. आमच्या खोलीच्या भिंतीवर एक पोस्टर आहे, बाळाला आईपासून लवकर दूर करू नका, अशा अर्थाचं. त्याचे कोपरे सुटले की ते मी नव्यानं चिकटवते. केशरबाई मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेल्या. तिथं उन्हात एक राखाडी मांजरी पडली होती, पोट पांढरं. तिच्याशेजारी सुईएवढीच दोन पिल्लं एकमेकांचे गळे धरून लोळत होती. मांजरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि आपला पाय चाटायला लागली.

"सुईला आणून दाखवू का हिला?" मी विचारलं.

"नगा. आता न्हाई वळखायची. फिस्कारंल उलट."

मी तिथं उभी राहिले. अपराध कबूल करायला माणूस समोर असला तर निदान माफी मागता येते. मांजरीची माफी कशी मागतात ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नव्हतं. आत कुणीतरी "शिष्टर कुठं गेल्या?" असं ओरडलं, तेव्हा मी गेले.

त्या रविवारी सुईला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस दिली. तिथल्या माणसानं "घट्ट धरा मॅडम" म्हटलं आणि मी डोळे मिटले. दुसऱ्या कुणी सुई टोचताना बघणं मला जमत नाही, हे नोकरीच्या सतराव्या वर्षी कळलं.

मग आमची शाळा सुरू झाली. सुईची आणि माझी. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, काडीला जुन्या परकराची नाडी, नाडीला चिंधीचा बोंदा. सकाळी ड्युटीआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी घरभर ती काडी ओढत पळायची. शेहेचाळीसचं वय, गुडघे आधीच कुरकुरणारे. कॉटवरून खुर्चीवर, खुर्चीवरून दाराकडं. खेळून ती दमली की लगेच जेवण. बोंदा मग कपाटात, कारण एकटी असताना तिनं नाडी गिळली तर आणखी एक प्रकरण. शेजारच्या क्वार्टरमधल्या औषधवाल्या सत्यमनं खिडकीतून हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही झुंबा लावलाय का?"

चावली की हात मेल्यासारखा सोडायचा, हे सांगायला सोपं. दात कातडीत आहेत आणि आपण भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा हात ओढला, दोन वेळा किंचाळले आणि एकदा तिला "हरामखोर" म्हणाले. पण जमेल तेव्हा मी कॅलेंडर बघितलं, तिनं सोडलं की उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. चहाला उकळी येईपर्यंत आत. बाहेर ती दारापाशी बसून बारीक आवाजात बोलवायची. शिक्षा तिला होती की मला, ते ठरवणं अवघड होतं. त्या महिन्यात मी फार चहा प्यायले.

आणि हात फिरवणं. तीनदा फिरवायचा, थांबायचं. मला थांबता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी शेपटीचा शेंडा बघायला शिकले. तो जरासा हलायचा, जेमतेम, उदबत्तीचा धूर हलतो तेवढा. इतके दिवस ती मला रोज सांगत होती आणि मी भरल्या डोळ्यांनी कुरवाळत होते.

"मी तर पहिल्यापासनं हेच करतो," मिस्टर पेपरामागून म्हणाले.

"तुमी काहीच करत न्हाई."

"तेच म्हणतोय."

संक्रांतीला चैताली आली. बॅग टाकली, कॉटवर पडली आणि चादरीखालून बोटं हलवली. माझा वॉर्डातला आवाज आपोआप बाहेर पडला, "हात बाहेर काढ!" सुई कॉटखाली पळाली आणि चैताली उठून ताठ बसली.

"मम्मी! तूच दाखवायचीस ना हे?"

"चुकत होते मी."

चैतालीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ताप आहे की काय ते तपासावं. हा शब्द माझ्या तोंडून तिनं ऐकलेला नसावा. मग कपाटातून काडी काढून मी तिच्या हातात दिली, आणि कॉटखाली वाकून, "ये बाळा, ये, काही न्हाई झालं," असं चालू केलं.

"माझ्यावर ओरडतीस आणि तिच्याशी किती हळू बोलतीस," चैताली म्हणाली.

"तिला मराठी येत न्हाई," मी म्हणाले. त्यावर ती हसली, पण संध्याकाळी मी तिच्याशीही जरा हळूच बोलले. दोन दिवसांत ती काडी चैतालीच्या हातात माझ्यापेक्षा चांगली पळायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी सुई मांडीवर होती. तिंबणं झालं, घुरघुर झाली, चाटणं झालं. मी तीनदा हात फिरवून थांबले होते, पण तिला माझं मनगट हवंच होतं. तिनं ते दातांत धरलं. मी कॅलेंडरकडं बघितलं. दात कातडीला टेकले होते, टोकं जाणवत होती, पण ती तिथंच थांबली. वर माझ्याकडं बघितलं. मग मनगट सोडलं, तीच जागा एकदा चाटली आणि त्यावर हनुवटी टेकून झोपली. पाय मुंग्यांनी बधिर होईपर्यंत मी हलले नाही. भाजी करपली ती करपलीच.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडीत सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर मॅडमना, सत्यमला, केशरबाईंना, बीपी तपासायला आलेल्या दोन आज्यांना. एका आजीनं विचारलं, "न्हाई चावली, हे सांगताय व्हय?" मी म्हणाले, "हो." तिनं केशरबाईंकडं बघून मान हलवली.

संध्याकाळी गरज नसलेलं दळण घेऊन मी गिरणीवर गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी पास झाली?"

"काठावर," मी म्हणाले.

"ती का तुमी?"

मी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, जरा बारीक दळा. घरी पोचले तर सुई दारामागं दबा धरून बसलेली. चप्पल काढायच्या आत तिनं माझी टाच धरली. मी पुतळ्यासारखी एका पायावर उभी राहिले, हातात पिठाचा डबा, आणि ती सोडायची वाट बघत राहिले. रक्त आलं नव्हतं.